अक्कुमच्या पाणीघरातली मेंब्रेन

मित्रांनो, मी एक जुनी मेंब्रेन आहे. पाण्यातले मीठ आणि घाण अडवणारा प्लास्टिकचा पडदा म्हटले तरी चालेल. तुमच्या घरी भिंतीवर पाणी शुद्ध करायचे यंत्र असेल, तर त्याच्या पोटात माझी एखादी धाकटी बहीण गुंडाळी करून बसलेली असेल. ती कोणाला दिसत नाही. पाणी यायचे बंद झाले म्हणजेच तिचे नाव निघते, आणि तेही शिव्या घालण्यासाठी. आमच्या जातीचे नशीबच तसे.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. खाली कापडासारखे अस्तर, त्यावर स्पंजासारखा एक थर, आणि सर्वांत वर माझी खरी कातडी. ती इतकी पातळ, की दुधावरची साय तिच्यापुढे गोधडी वाटावी. त्या कातडीतून पाणी पलीकडे जाते आणि मीठ अलीकडे राहते. एवढेच माझे काम. पण ते काम करण्यासाठी मागून पंपाने मला सतत रेटावे लागते, आणि मला ते रेटणे सोसावे लागते.

या कातडीविषयी थोडे सांगते, कारण माझ्या आयुष्याची सगळी कहाणी तिथेच घडली. डोळ्यांना ती गुळगुळीत दिसते. मोठ्या भिंगाखाली मात्र ती बोकडाच्या वजडीसारखी आहे, सगळी सुरकुत्यांची आणि खाचांची. या सुरकुत्यांमुळे मी भरपूर पाणी देते. पण वाहत्या पाण्याचा झोत खाचेच्या तळाशी पोहोचत नाही, आणि आलेली घाण नेमकी तिथेच दडी मारून बसते. शिवाय मला पाण्याची ओढ आहे, पण जिवापाड नाही. ज्याला जिवापाड ओढ असते त्याच्या अंगाला पाणी असे बिलगून राहते, की चिकट, तेलकट काही येऊन टेकायला जागाच मिळत नाही. माझ्या अंगावरचे पाणी सैल होते. मी अशीच जन्मले, त्याला माझा इलाज नव्हता.

मला अक्कुमला आणले ते बायनियाझने. तो नुकुस शहरात पाण्याच्या यंत्रांची कामे करायचा. अक्कुम हे अराल समुद्राच्या जुन्या काठावरचे गाव. समुद्र केव्हाच मागे सरकला, मीठ मात्र इथेच राहिले, विहिरीत, अंगणात, वाऱ्यात. गावाच्या बोअरवेलजवळ एक खोली बांधली होती, तिला लोक पाणीघर म्हणत. बायनियाझने तिथे दोन पांढऱ्या नळ्या बसवल्या. एका नळीत मी, दुसऱ्या नळीत माझ्याच कारखान्यातली एक मेंब्रेन. तिच्या कातडीवर मात्र आणखी एक नितळ थर चढवलेला होता, पाण्याची जिवापाड ओढ असलेला. तसली एकच मिळाली होती, नमुना म्हणून.

पाणीघर सांभाळायला गावाने झियादाला नेमले होते. ती चाळिशीची, उंच, कमी बोलणारी बाई. तिचा नवरा पेर्देबाय ट्रॅक्टर चालवायचा. आणि तिची सासू उलमेकेन आपा; तिकडे आईला आणि वडीलधाऱ्या बाईलाही आपा म्हणतात. तरुणपणी मासळीच्या कारखान्यात सुरी चालवलेली, आता पांढऱ्या रुमालातली म्हातारी. ती सुनेबरोबर रोज पाणीघरात यायची आणि दाराशी नमद्यावर, म्हणजे लोकरीच्या जाड बैठकीवर, बसून येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारायची.

बायनियाझने त्या दिवशी दोन ताटल्या मागवल्या. एक चरबीचा हात लागलेली, एक राखेने घासलेली. दोन्हींवर त्याने पाण्याचा थेंब टाकला. पहिल्या ताटलीवर थेंब गोळी होऊन बसला, दुसरीवर पसरून गेला.

"पाहा, झियादा जेंगे," तो म्हणाला. तिकडे वहिनीला जेंगे म्हणतात. "जिच्यावर पाणी पसरतं, तिच्यावरची घाण पाण्याच्या हातानंच निघून जाते. ही डावीकडची मेंब्रेन तशी आहे. उजवीकडची नाही, जरा खरखरीत आहे. तिला लवकर धुवावं लागेल."

उलमेकेन आपा हसली. "म्हणजे जावाजावा आणल्यास की! एक गुळगुळीत, एक खरखरीत. माझी केलिनपण खरखरीतच आहे बाबा. तीच टिकते घरात."

केलिन म्हणजे सून. झियादाने पदराआड हसू दाबावे तसा रुमाल तोंडावर धरला.

बायनियाझ मात्र हसला नाही. त्याने दोन डबे पुढे ठेवले. "ही आंबट पावडर मिठाच्या खपल्यांसाठी. ही साबणासारखी, शेवाळी चिकटीसाठी. पाणी थोडं जरी कमी झालं तरी लगेच धुवायचं, जास्त कमी व्हायची वाट पाहायची नाही. आणि काहीही झालं तरी ब्लिचिंग पावडर या टाकीत घालायची नाही. क्लोरीननं यांची कातडी जळते. जळली की परत येत नाही."

"नाही घालणार," झियादा म्हणाली.

पेर्देबाय तेव्हा बाहेर ट्रॅक्टरवरून पाइप उतरवत होता. त्याच्या कानावर यातले काही गेले नाही.

पहिले पाणी आले तेव्हा झियादाने तिथेच चहा केला. आपाने त्यात उंटिणीचे दूध घातले आणि वाटीत डोकावून पाहत राहिली. तिच्या उभ्या जन्मात अक्कुमच्या चहात दूध घातले की फाटायचे. आज फाटले नाही. ती हळूहळू सगळी वाटी प्यायली. तिची मूत्रपिंडे खराब झाली होती, आणि तालुक्याच्या डॉक्टरने सांगितले होते की विहिरीचे खारे पाणी बंद केले नाही तर औषधाचा उपयोग नाही.

"केलिन," ती म्हणाली, "आणखी ओत. मरायच्या आधी चहा म्हणजे काय ते कळलं."

"मरायचं कशाला बोलता, आपा."

"बरं, नाही बोलत. ओत."

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. सकाळी गाढवाच्या गाड्या, बाजूला डबा जोडलेल्या मोटारसायकली, डोक्यावर कॅन घेतलेल्या बायका अशी रांग लागायची. आपाच्या पायांची सूज उतरली. ती रांगेतल्या पुरुषांना म्हणायची, "बघा रे, मी तुमच्याआधी नाचणार लग्नात." मला कोणी विचारत नव्हते, पण नळाखाली कॅन भरल्याचा आवाज मला ऐकू येई, आणि माझे समाधान होई.

दुसऱ्या उन्हाळ्यात बोअरचे पाणी खोल गेले. तालुक्याच्या पाणी कचेरीने कालव्याचे पाणी आणून पाणीघराला जोडून दिले. ते पाणी तांबूस आणि खारट होते. त्यात कुजलेल्या वेताचा अर्क होता, बारीक गाळ होता, आणि डोळ्यांना न दिसणारे जीव होते. आधी एक वाळूची गाळणी होती, पण तिची वाळू जुनी झालेली. बरेचसे तसेच माझ्यापर्यंत येत होते.

आता काय घडले ते ऐका. माझ्या कातडीवर विजेचा थोडा भार असतो. गाळाच्या आणि वेताच्या कणांवरही तसाच भार असतो, म्हणून आम्ही एकमेकांना दूर लोटतो. ते एक माझे संरक्षण होते. पण त्या खाऱ्या मुलखातल्या पाण्यात चुना भारी. चुना मध्यस्थ झाला. त्याने एक हात मला दिला, दुसरा वेताच्या अर्काला, आणि आमचे वैर मोडून आम्हाला चिकटवून टाकले. माझ्या खाचांमध्ये एक थर बसला. अगदी पातळ. पाणी जेमतेम कमी झाले असेल.

तो थर तेव्हाच धुतला असता तर निघाला असता. एकदा तो बसला, की पुढून येणाऱ्याला माझी कातडी दिसतच नाही. त्याला दिसतो तो थर, आणि घाणीला घाणीचा शेजार लगेच मानवतो. त्या थरावर जिवाणू आले, त्यांनी आपला डिंक ओतला, डिंकात गाळ अडकला. शेजारच्या नितळ मेंब्रेनवरही काही बसले, पण सैल बसले. पाण्याच्या झोताबरोबर त्यातले बरेच वाहून जाई. मी मात्र रोज थोडी थोडी गुदमरत होते.

झियादाने चूक केली नाही. पाणी कमी होताच तिने डबे काढले, मला धुतले, आणि माझा श्वास मोकळा झाला. पण कालव्याचे पाणी आल्यापासून धुणे वरचेवर करावे लागे, आणि डबे संपले. कचेरीतून नवे येईनात. तिने बायनियाझला फोन केला. तो कझाकस्तानात कामाला गेला होता.

"जेंगे, पंधरवड्यात येतो, स्वतः घेऊन येतो," तो म्हणाला.

पंधरवड्यामागून पंधरवडे गेले. तो आला नाही. त्याला तिथले काम सोडता येईना.

नळाची धार करंगळीएवढी झाली. रांग दुपारपर्यंत हलेना. कॅन अर्धे भरून द्यायचे असे झियादाने ठरवले, आणि त्यातून भांडणे पेटली. सर्वांत पुढे होती ताझागुल. ती आपाची लहानपणापासूनची मैत्रीण. मासळीच्या कारखान्यात दोघी एकाच बाकावर बसलेल्या. पण तिची जीभ कोणालाच सोडत नसे.

"अर्धा कॅन?" ती सगळ्यांसमोर ओरडली. "आणि उरलेलं पाणी कुठं जातं गं झियादा? तुझ्या माहेरी पाइप टाकलास का जमिनीखालून?"

"पाणी येतच नाही, ताझागुल आपा. तुम्हीच बघा धार."

"धार तुझ्या हातात. चावी तुझ्या हातात. आम्ही काय बघायचं?"

कोणीतरी हसले. मागून कोणी म्हणाले, की तालुक्याच्या खानावळीत अक्कुमचे पाणी मिळते म्हणे. ते खोटे होते, पण संध्याकाळपर्यंत ते गावभर झाले. झियादा चावी कमरेला बांधून उभी राहायची आणि कॅन अर्धे भरायची. सगळे गेले की ती माझ्या नळीवर हात ठेवून उभी राही. तिचा हात गरम असे.

"बोलू दे त्यांना," आपा नमद्यावरून म्हणायची. "तहानलेला माणूस आणि तहानलेलं गाढव सारखंच. लाथ मारतं, पण मनात काही नसतं."

पण पेर्देबायच्या मनात होते. चहाच्या टपरीवर त्याला कोणी म्हणाले, "तुझं बरं आहे बाबा. बायको पाणी विकते, तू डिझेल घेतोस." तो तापट माणूस. त्याने त्याची गचांडी धरली आणि लोकांनी सोडवले. घरी बायकोला त्याने काही सांगितले नाही. पण टपरीवरची गोष्ट रांगेत पोहोचायला कितीसा वेळ लागतो? मलाही ती तिथेच कळली.

मग एक दिवस झियादा पावडर मागायला स्वतः तालुक्याला गेली. पाणीघर पेर्देबायवर सोपवले होते. त्याने सकाळीच नळ बंद केला. दाराला कडी लावली. शाळेच्या संडासासाठी आणलेल्या ब्लिचिंग पावडरचे पोते त्याने खांद्यावरून उतरवले. झियादा मला कशी धुते ते त्याने अनेकदा पाहिले होते, छोट्या टाकीत पावडर कालवायची, छोटा पंप लावायचा. त्याच्या आईने जन्मभर विहीर, मडकी, कपडे, सगळे याच पावडरीने स्वच्छ केले होते. त्याला ती औषधच वाटे.

"चला," तो आम्हा दोघींना म्हणाला, "आज तुम्हाला अशी आंघोळ घालतो, की माझ्या झियादाला कोणी बोट दाखवायचं नाही."

मित्रांनो, मला राग आला नाही. त्याचे हात किती काळजीने काम करत होते ते मला कळत होते. एकही थेंब त्याने जमिनीवर सांडू दिला नाही.

पण ते पाणी माझ्यात शिरले आणि मला कळले, की हे आपले शेवटचे आहे. आधी डिंक सुटला, गाळ सुटला, वेताचा तांबूस थर विरघळला. खाचाखाचांतली घाण निघाली, आणि तिच्याबरोबर मीही निघाले. ज्या बारीक टाक्यांनी माझी कातडी शिवलेली होती ते टाकेच क्लोरीन उसवत होता. शेजारची नितळ मेंब्रेनही सुटली नाही. तिच्यावरचा थर घाणीपासून राखणारा होता, आगीपासून नव्हे.

पेर्देबायने स्वच्छ पाण्याने आम्हाला धुऊन काढले आणि नळ सोडला. मनगटाएवढी धार पडली. तो मोठ्याने हसला, आणि मग खाली बसून त्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले, प्रार्थना संपल्यावर फिरवतात तसे.

झियादा रिकाम्या हाताने परतली होती. कचेरीत तिला कोणी बसायलाही सांगितले नव्हते. दारात येऊन तिने धार पाहिली आणि हातातली पिशवी खाली पडली.

"काय केलंत तुम्ही?"

"धुतलं."

"कशानं? पावडर कुठं होती?"

तिच्या आवाजातली भीती पेर्देबायने ओळखली असावी. "कोमट पाण्यानं," तो म्हणाला. "बराच वेळ फिरवलं. नीट केलं."

"नुसत्या पाण्यानं?"

"हो म्हणालो ना."

तिने मान डोलावली. इतक्या महिन्यांनी तिला हसावेसे वाटत होते, तिने अधिक विचारले नाही. क्षार मोजायचा छोटा मीटर बायनियाझने दिला होता, पण त्याचा सेल संपला होता आणि तसला सेल गावात मिळत नव्हता. पाणी नसले की माणसे थेंब थेंब मोजतात. भरपूर आले की मोजायचे कोणाच्या मनात येत नाही.

गावात आनंद झाला. बायकांनी झियादासाठी भाकऱ्या आणल्या, ज्वारीच्या, गरम गरम. ताझागुल आपल्या मळ्यातले भले मोठे खरबूज दोन्ही हातांत धरून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी बोलले ते चुकीचं बोलले. माझी जीभ वाईट आहे. हे खा, आणि माफ कर."

झियादा रडली. आपाने खरबूज कापले. म्हातारीचा हात अजूनही सुरीवर असा फिरे, की फाका सगळ्या सारख्या पडल्या.

आणि मी? मी त्या दिवसापासून खोटे पाणी देत होते. सुरुवातीला मीठ थोडेच सुटत होते. पण उसवलेले टाके आणखी उसवत गेले, आणि रोज थोडे जास्त मीठ माझ्यातून पलीकडे गेले. जीभ रोज थोडीशी फसते, म्हणून तिला फसवणूक कळत नाही. तिथली माणसे खाऱ्या पाण्यावरच वाढलेली. त्यांना ती जुनीच चव होती. कित्येकांना वाटले असेल, कालव्याच्या पाण्याची चव अशीच असायची. काहींना नुसते पोट भरून पाणी मिळत होते, तेवढे पुरे होते.

एके दुपारी पाणीघरात दोघीच म्हाताऱ्या होत्या. झियादा बाहेर पाइपाची गळती पाहत होती. आपाने चहात दूध घातले. वाटीत बारीक कण तरंगले. ताझागुलने वाकून पाहिले.

"उलमेकेन," ती हळू आवाजात म्हणाली, "हे फाटलंय."

"दूध कालचं आहे."

"दूध मी सकाळी आणलंय माझ्या उंटिणीचं. पाणी खारट आहे गं."

"तुझी जीभ वाईट आहे, तूच म्हणालीस ना गावासमोर?"

"चेष्टा करू नकोस. डॉक्टर काय म्हणाला तुला? मी सांगते झियादाला."

आपाने तिचे मनगट धरले. "तू काही सांगायचं नाहीस. उन्हाळाभर माझ्या सुनेला चोर म्हणालीस. ती रात्री जेवत नव्हती, मी बघत होते. आता कुठं चार दिवस मान वर करून चालतेय. आज तू खारट म्हणालीस की उद्या पुन्हा तीच रांग आणि तीच तोंडं."

"पण तुझे पाय—"

"पाय माझे आहेत. गप्प बस. मला देणं लागतेस तू एवढं."

ताझागुल गप्प बसली. पूर्वी नको तिथे बोलली होती, म्हणून आता हवे तिथे तिला बोलवेना. आपाने फाटलेला चहा तसाच पिऊन टाकला आणि वाटी रुमालाने पुसून उपडी ठेवली. झियादा आत आली तेव्हा दोघी गेल्या वर्षीच्या लग्नातल्या कोणाच्या तरी टोपीला हसत होत्या.

मला तेव्हा ओरडावेसे वाटले. पण मेंब्रेनला आवाज नसतो. माझे बोलणे म्हणजे माझ्यातून येणारे पाणी, आणि ते तर रोज वाटीत बोलत होते.

थंडी पडायच्या सुमारास आपाचे यायचे बंद झाले. रांगेत लोक विचारत, झियादा सांगे की सूज पुन्हा चढली आहे. मग चेहराही सुजला. पेर्देबाय तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. झियादा घरून रोज मोठी बाटली भरून पाठवायची, पाणीघरातल्या पाण्याची, आपाने दवाखान्यातले पाणी पिऊ नये म्हणून.

त्याच आठवड्यात बायनियाझ आला. खांद्यावर दोन डबे, खिशात सेल. त्याने आधी धार पाहिली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "इतकी धार? न धुता?" त्याने मीटरमध्ये सेल घातला, पेल्यात बुडवला, पाहिले. पेला ओतून पुन्हा भरला, पुन्हा पाहिले.

"जेंगे," तो म्हणाला, "हे पाणी प्यायचं नाही. हे जवळजवळ कालव्यातलंच पाणी आहे."

झियादाने त्याच्या हातातला पेला घेतला. "रोज बाटली पाठवते मी," ती म्हणाली. "आपाला. दवाखान्यात."

बायनियाझने नळीचे झाकण उघडले, मला ओढून बाहेर काढले, पाणीघरामागे नेले आणि लांब पात्याने उभे चिरले. गुंडाळी उलगडून त्याने मला जमिनीवर पसरले. रांगेतले लोक भोवती जमले होते. बाहेरून मी पांढरी, स्वच्छ होते. घाणीचा मागमूस नव्हता. त्याने लाल शाई टाकलेले पाणी माझ्यावर ओतले आणि थोड्या वेळाने मला उलटे केले. पाठीवर सगळीकडे लाल डाग उमटले होते.

"कातडी जळली आहे," तो म्हणाला. "क्लोरीन घातलाय कोणीतरी."

पेर्देबाय दवाखान्यातून नुकताच आला होता, ट्रॅक्टरपाशी उभा होता. तो पुढे आला आणि माझ्याजवळ गुडघ्यांवर बसला.

"मी," तो म्हणाला. "शाळेतली पावडर. मला वाटलं..."

झियादा त्याच्यावर ओरडली नाही. तिने फक्त विचारले, "मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

आपाला काही दिवसांनी घरी आणले. दवाखान्यात करण्यासारखे थोडे होते, आणि तिला घरचे छत हवे होते. एका उन्हाच्या दुपारी तिने हट्ट केला की पाणीघरापाशी न्या. पेर्देबायने तिला उचलून आणले आणि मागच्या भिंतीशी नमदा अंथरून बसवले. मी तिथेच पडले होते, सैल गुंडाळून दोरीने बांधलेली.

"आपा," पेर्देबाय म्हणाला, "तुला कळलं होतं?"

"काय?"

"पाणी."

"न कळायला काय झालं? जन्म गेला माझा खाऱ्या पाण्यात. चहा फाटला त्या दिवशीच कळलं."

"मग बोलली का नाहीस गं?"

म्हातारी उन्हाकडे डोळे मिटून बसली होती. "तू का नाही बोललास? तुझ्या बायकोनं विचारलं होतं ना, कशानं धुतलं म्हणून?"

"मला वाटलं ती घाबरेल."

"मलाही तेच वाटलं," आपा म्हणाली. मग तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मूत्रपिंडं आधीच गेली होती रे. पाण्यानं किती खाल्लं आणि वयानं किती खाल्लं, कोण सांगणार? तू रडू नकोस. तुझ्या हातून घडलं तेही प्रेमानंच घडलं. पण प्रेमानं केलं म्हणून खारट पाणी गोड होत नाही, एवढं लक्षात ठेव."

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात ती गेली. पाणीघर बंद होते, नव्या मेंब्रेन यायच्या होत्या. तिच्या सातव्या दिवशीच्या, दुखवट्याच्या चहासाठी पाणी टँकरने आणले. ताझागुल भिंतीमागे, माझ्याजवळ येऊन एकटीच बसली आणि रुमालाचे टोक तोंडात धरून रडली. "मी का ऐकलं तिचं," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

नव्या दोन मेंब्रेन आल्या, दोन्ही नितळ कातडीच्या. वाळूची गाळणीही बदलली. झियादाने काम सोडायचे ठरवले होते, पण गावाने सोडू दिले नाही. पेर्देबाय अजून टपरीवर जात नाही. आता रोज सकाळी नळ सुटला की पहिला पेला ताझागुल घेते. चव घेते, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगते.

मागच्या महिन्यात एकदा ती म्हणाली, "मला आज खारट लागतंय." कोणीतरी पुटपुटले, म्हातारीची जीभ गेली. झियादा बाहेर आली, मीटर बुडवला. आकडा चांगला होता. तिने ताझागुलला तो दाखवला.

"मग माझीच चूक," ताझागुल ओशाळून म्हणाली.

"असू दे, आपा," झियादा म्हणाली. "उद्याही सांगा." आणि तिने मीटर पुसून दुसऱ्यांदा बुडवला.

मित्रांनो, मी आता कामाची उरले नाही. माझ्या घड्यांवर वाऱ्याने आणलेले मीठ साचते आणि ते धुवायला कोणी येणार नाही. तुमच्या घरातल्या माझ्या बहिणीची एवढी काळजी घ्या. धार थोडी बारीक झाली की लगेच तिच्याकडे पाहा. पहिला थर हलक्या हाताने निघतो, दहावा आगीने काढावा लागतो, आणि आग घाण आणि कातडी यांत भेद करत नाही. तिला कशाने धुवायचे ते माहीत असलेल्याला विचारा. विचारायला उशीर होत असेल तर तहान सोसा, पण अंदाजाने काही ओतू नका.

आणि आणखी एक. चव बदलली असे वाटले, तर कोणाला वाईट वाटेल, कोण आपल्याला हसेल, याचा विचार करत बसू नका. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.